लॉगिन होतं, यादी मात्र येत नाही

"पासवर्ड बरोबर आहे, लॉगिनही झालंय, पण फोल्डरमधली यादीच दिसत नाही." एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाईलींची ने-आण करायची पद्धत, वापरणाऱ्यांची ही तक्रार जुनी आहे. निदान ठरलेलं: नेट स्लो. मग राउटर बंद-चालू करायचा, हा आपल्या काळातला उतारा! नेट बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. पुढच्या सुधारणांत ठरलं की कनेक्शनं दोन ठेवायची. हुकूम जातात सर्व्हरच्या २१ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे संगणकाचं नंबर दिलेलं दार) आणि ते कनेक्शन शेवटपर्यंत उघडं राहतं. माल, म्हणजे डेटा, येतो दुसऱ्यावरून, तेही प्रत्येक फाईलसाठी नवं. नेहमीच्या पद्धतीत फाईल संपल्याची वेगळी खूणच नाही. डेटाचं कनेक्शन बंद झालं, म्हणजे फाईल संपली. आणि फोल्डरची यादी? एफटीपीच्या लेखी तोही मालच.

आता खरी गंमत. दुसरं कनेक्शन कुठे जोडायचं हे पहिल्यावरून कळवावं लागतं. तुमचा संगणक सर्व्हरला सहा आकडे पाठवतो: १९२,१६८,१,५,१९५,८०. पहिले चार म्हणजे पत्ता. उरलेल्या दोनांतून पोर्ट काढायचा: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५००००. (एका बाइटमध्ये २५५ च्या वरचा आकडा मावत नाही, म्हणून हा गुणाकार.) मग सर्व्हर उलट तुमच्याकडे यायला निघतो. पण १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता घरातल्या घरात चालणारा, 'मधली खोली' म्हणावं तसा. पोस्टमन त्यावर काय पोचवणार? राउटर हुकमात डोकावून आकडे बदलू शकतो, पण हुकूम एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे सांकेतिक भाषेत झाकलेले, असले की तोही आंधळा. यावर तोड पॅसिव्ह मोडची: पत्ता सर्व्हरने सांगायचा, जायचं आपण.

पत्ता सांगायचाच, तर तिसऱ्या यंत्राचाही सांगता येतो. दोन सर्व्हरांत माल थेट हलवायची ही मूळची सोय. हल्लेखोरांनी तिच्या जोरावर सर्व्हरला भलत्यांचीच दारं ठोठावायला लावली.

नेटवर्कवरून डिस्क वापरू देणाऱ्या आयस्कझीच्या २००४ च्या मानकात म्हणूनच मला वेगळा शहाणपणा दिसतो. तिथे एका सत्रात अनेक कनेक्शनं चालतात, पण हुकूम ज्यावरून गेला त्यावरूनच डेटा आणि 'झालं' हा निरोप यायचा. नाहीतर हुकूम एका नेटवर्क कार्डाकडे, डेटा दुसऱ्याकडे, आणि दोघं एकमेकांना विचारत बसलेले.