खापरांवर सापडलेल्या सलाफहादच्या मुली

हिब्रू बायबल वाचताना वंशावळ आली की बहुतेक वाचक पाने उलटतात. १ इतिहास या ग्रंथाचे तर पहिले नऊ अध्याय जवळजवळ नुसत्या नावांचे आहेत. पण जमीन कुणाची, याजकपद कुणाला, कोण कुणाचे भाऊबंद, हे सगळे त्या नावांतच नोंदलेले आहे.

गणना ग्रंथाच्या २६व्या अध्यायात इस्राएलाच्या बारा वंशांपैकी मनश्शे वंशातल्या गिलादाचे सहा मुलगे येतात: इयेजेर, हेलेक, अस्रिएल, शेखेम, शमीदा, हेफेर. हेफेरच्या मुलाला, सलाफहादला, मुलगा नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुलीच. पुढच्या अध्यायात त्या मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वाट्याची जमीन मागतात आणि मिळवतात.

आता १९१० साली शोमरोनच्या, म्हणजे इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याच्या राजधानीच्या, उत्खननात सापडलेली खापरे पाहा. इ.स.पू. आठव्या शतकातल्या या शाईच्या नोंदी आहेत: राजाच्या कितव्या वर्षी, कुठून, जुन्या द्राक्षारसाचा किंवा तेलाचा बुधला आला. त्यांत मुलखांची नावे आहेत अबियेजेर (म्हणजेच इयेजेर), हेलेक, अस्रिएल, शेखेम, शमीदा, नोआ, होग्ला. हेफेर नाही, पण त्याच्या दोन नाती आहेत. तिरसा तर शोमरोनच्या आधी त्याच राज्याची राजधानी होती. म्हणजे या यादीतले ‘मुलगे’ आणि ‘मुली’ हे एकमेकांना लागून असलेले मुलूख आणि त्यांत राहणारी कुळे आहेत.

नाती बदलली की यादीही बदलते. गणना ३२ मध्ये कालेब हा यफुन्नेचा, म्हणजे कनिज्जी या बाहेरच्या कुळातल्या माणसाचा, मुलगा. १ इतिहास २ मध्ये तोच यहूदा वंशातल्या हेस्रोनचा मुलगा झालेला दिसतो. मुलगी अखसा मात्र दोन्ही परंपरांत त्याचीच. बाहेरचे कुळ यहूदात सामावले गेले, याची ही खूण असे अनेक अभ्यासक मानतात.

म्हणूनच पिढ्या मोजून किंवा वयांची बेरीज करून तारखा काढायला गेले की गणित फसते. एज्रा ७ मधली वंशावळ १ इतिहास ६ शी ताडून पाहा: मरायोथ या पूर्वजापाशी सलग सहा नावे गाळलेली आहेत. उत्पत्ती ५ मधल्या आकड्यांवरून आदामापासून जलप्रलयापर्यंत हिब्रू पाठात १६५६ वर्षे होतात, शोमरोनी लोकांनी जपलेल्या पाठात १३०७.

यादीत नाव नसण्याची किंमत मात्र खरी होती. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांपैकी हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय यांच्या वंशजांना आपली नोंद सापडली नाही. त्यांना याजकपदातून वगळले गेले. उरीम-थुम्मीम (देवाचा कौल घेण्याची साधने) धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्नही त्यांना वर्ज्य ठरले (एज्रा २).