मानवतावादी मदत

युद्ध, भूकंप, पूर असं काही झालं की ज्यांचं घरदार सुटतं त्यांचा जीव वाचावा आणि त्यांना जरा माणसासारखं राहता यावं म्हणून पाणी, अन्न, निवारा, औषधं जे काय पुरवतात ती मानवतावादी मदत. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आंरी द्युनां ह्या स्विस व्यापाऱ्याने हजारो जखमी तसेच पडलेले पाहिले, गावकऱ्यांना गोळा करून दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा केली, आणि त्यातूनच पुढे १८६३ ला रेडक्रॉस उभी राहिली. हा कुणाकडचा असं विचारायचं नाही, हा नियम तिथूनच आला.

निर्वासित आणि विस्थापित ह्यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. १९५१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित करारानुसार छळाच्या भीतीने देशाबाहेर पडलेला तो निर्वासित, जिथे जिवाला धोका आहे तिथे त्याला परत ढकलता येत नाही. आपल्याच देशात दुसरीकडे पळालेला मात्र विस्थापित, त्याची जबाबदारी त्याच्याच सरकारवर, मग ते सरकारच बॉम्ब टाकत असलं तरी!

१९९४ मध्ये रवांडातल्या हत्याकांडाच्या वेळी तिथून शेजारच्या झैर (आताचा काँगो) देशातल्या गोमा शहरात पळून आलेल्या लोकांत कॉलरा पसरला आणि हजारो गेले, म्हणजे गोळीतून वाचले आणि पाण्याने मेले. मदत करणाऱ्या संस्था तिथे ढिगाने होत्या पण किती केलं म्हणजे पुरे ह्याचं मोजमापच ठरलेलं नव्हतं, म्हणून १९९७ पासून स्फिअर नावाची मानकं तयार झाली: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २१०० कॅलरी, साडेतीन चौरस मीटर छप्पर, २० जणांमागे एक संडास. त्यातही संडासाला आतून कडी आणि वाटेवर दिवा नसला तर बायका रात्री जातच नाहीत, दिवसभर पाणी कमी पितात, आणि कागदावर आकडा मात्र पूर्ण दिसतो.

लोक भावनेच्या भरात जुने कपडे पाठवतात. खरं सांगायचं तर ते निवडायलाच माणसं लागतात, बंदरात जागा अडते आणि औषधं मागे राहतात. त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी सरळ पैसे किंवा कार्ड देतात, ज्याला भांडी हवीत तो भांडी घेईल, ज्याला मुलाचं औषध तो औषध, शिवाय तिथल्या दुकानदाराचाही धंदा चालतो. अर्थात बाजारच वाहून गेला असेल तर कार्ड घेऊन करणार काय, तिथे पोतीच उतरवावी लागतात.