सांत्वन (भेटायला जाणे)

घरातले माणूस गेल्यावर नातेवाईक, शेजारी व स्नेही त्या घरी जाऊन कुटुंबीयांना धीर देतात. मराठीत या रीतीला ‘भेटायला जाणे’ म्हणतात. ‘त्यांच्याकडे भेटायला जायचंय’ एवढे हलक्या आवाजात म्हटले की ऐकणाऱ्याला कारण उमगते. हिंदू घरांत ही ये-जा साधारण तेराव्यापर्यंत चालते. पहिल्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. डबा ठेवताना ‘दोन घास खाऊन घ्या’ म्हणतात, आणि बहुधा तेच पहिले सांत्वन असते.

काही वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. पिकल्या वयाच्या मृत्यूला ‘सोनं झालं’, लांबलेल्या आजारानंतर ‘सुटले’, अकाली मृत्यूत ‘मुलांकडे बघून सावरा’. जागा चुकली की हीच वाक्ये टोचतात. ‘सुटले’ हे घरच्यांनी म्हणावे. वर्षभर उशापायथ्याशी बसलेल्या सुनेला ते पाहुण्याने ऐकवू नये. तरुण मुलगा गेलेल्या घरी तर नुसते हात धरून बसणे बरे. खेड्यापाड्यांत बायका अंगणातूनच गळा काढतात आणि घरच्या बाईच्या गळ्यात पडून गेलेल्याचे गुण आळवत रडतात. शहरात ही पद्धत मागे पडली. थिजलेल्या बाईला रडू फुटावे, एवढे मोठे काम ती करत असे.

दहाव्या दिवशी नाशिकच्या रामकुंडावर, पुण्यात ओंकारेश्वरापाशी किंवा गावच्या नदीकाठी पिंड ठेवतात. कावळा शिवला नाही, तर गेलेल्याची इच्छा राहिली असे मानतात. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो : ‘नाना, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत.’ तरीही कावळा आला नाही, तर दर्भाचा कावळा करून शिववतात. बोलणे नानांशी असते, पण चार पावलांवर उभी असलेली धाकटी ते ऐकत असते. चारचौघांत दिलेला हा शब्द सहसा मोडवत नाही. मराठी सांत्वनाचे सर्वांत भरीव रूप हेच.

मुसलमान घरांत शोकाचे तीन दिवस महत्त्वाचे. वार्ता कळताच ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ (आपण अल्लाहचे, त्याच्याकडेच परतणार) म्हणतात. गोवा व वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत सातव्या दिवसाच्या मिस्सेला आप्त जमतात.

जाता येत नसे तेव्हा पत्र वा तार पाठवत. अशुभ वार्तेच्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२० च्या टाळेबंदीत अंत्यसंस्काराला २० माणसांची मर्यादा होती. भेटणे फोनवरच उरले. व्हॉट्सॲप गटात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एकाखाली एक चिकटवली जाते. त्यापेक्षा ‘काकूंनी मला सायकल शिकवली होती’ असे एक ओळीचे स्मरण घरचे पुन्हा पुन्हा वाचतात.

भेटून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. चपला घालून, मागे न बोलता, माणसे जिना उतरतात.