‘भागीदार मंडळी’ : नगर आणि अमेरिका यांच्यातील भेटींची पार्श्वभूमी

अमेरिकेतील एखाद्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे एका चर्चच्या उपासकांचा, आठ-दहा जणांचा गट अहमदनगर परिसरातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर परिसरातील, मंडळीच्या भेटीला येतो, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर ‘भागीदार मंडळीची भेट’ असे शब्द असतात. हे शब्द फार जुने नाहीत. संबंध मात्र जुना आहे, आणि बराच काळ त्याला भागीदारी म्हणता येण्यासारखी परिस्थिती नव्हती. आज अशा भेटीत कोण बोलतो, कोण पैसे देतो आणि निर्णय कोणाच्या हाती असतो, याविषयी जो अवघडलेपणा जाणवतो, तो त्या काळापासून चालत आला आहे.

अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणे घातले. शाळा, ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक, दुष्काळातील अनाथगृहे हा भाग मराठी ख्रिस्ती वाचकांच्या घरचाच असल्याने तो येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. भेटींच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते 1854 साल.

त्या वर्षाच्या अखेरीस बॉस्टनच्या मुख्य मंडळाने, म्हणजे या मिशनरींना पाठवणाऱ्या संस्थेने, आपले चिटणीस आणि एक पाळक अशा दोघांचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात पाठवले. दाते पाहुणे होऊन आले, राहिले, बैठका घेतल्या आणि धोरण ठरवून गेले, असा प्रकार या संबंधात ठळकपणे प्रथम दिसतो तो येथे. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि सुवार्तेचा प्रसार स्वतः करावा, हे या चिटणिसांचे आग्रहाचे तत्त्व होते. ते तत्त्व आजही वाचणाऱ्याला पटावे असेच आहे. नगरला हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली तीही 1854 मध्येच. परक्या देशातून पगार घेणाऱ्या मिशनऱ्याच्या हाताखालचा मदतनीस आणि आपल्या मंडळीचा पाळक यांत किती अंतर आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

वाद झाला तो दुसऱ्या निर्णयावरून. मिशनचा पैसा इंग्रजी शाळांवर खर्च होऊ नये, शिक्षण देशी भाषेत असावे आणि तेही मंडळीच्या गरजेपुरते असावे, असे शिष्टमंडळाचे मत पडले आणि त्यानुसार इंग्रजी शाळा आवरत्या घेतल्या गेल्या. याच वर्षी सरकारने वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदानाचा मार्ग मोकळा केला होता आणि मुंबईत स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन इंग्रजी शिक्षण नेटाने चालवत होते. म्हणजे इतरांसाठी दार उघडत असतानाच अमेरिकन मिशनच्या शाळांतील मुलांसाठी ते मिटले गेले. प्रत्यक्ष काम करणाऱ्या मिशनऱ्यांपैकी अनेकांना हे मान्य नव्हते, आणि अमेरिकेतही या कारभारावर इतकी टीका झाली की 1856 मध्ये ऑल्बनी येथे मुख्य मंडळाची खास सभा बोलवावी लागली.

या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य करायला हवे. नगरकडील ख्रिस्ती मंडळीत मराठी कीर्तने, अभंगाच्या वळणाची गीते आणि मराठी प्रवचने जितकी रुजली तितकी ती इंग्रजीच्या आश्रयाने रुजली असती असे वाटत नाही. नारायण वामन टिळकांसारखा कवी 1895 मध्ये या मंडळीत आला तेव्हा त्याला हाताळण्यासाठी सकस मराठी उपासना तयार होती. तरीसुद्धा ज्या महार-मांग कुटुंबांतून मंडळीचा विस्तार झाला, त्यांच्या मुलांना सरकारी नोकरीकडे आणि वकिली-डॉक्टरीकडे नेणारी वाट इंग्रजीतूनच जात होती, आणि ती वाट त्यांना विचारून बंद केलेली नव्हती. स्वावलंबन हवे हे ठरवणारे बॉस्टनचे होते. प्रस्तुत लेखकाला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते. निर्णय चूक की बरोबर यापेक्षा तो घेताना बैठकीत कोण होते, हा प्रश्न मोठा आहे.

विसाव्या शतकात हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. 1910 च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिण भारतातील ख्रिस्ती पुढारी व्ही. एस. अझरिया यांनी, तुम्ही आमच्यासाठी त्याग केलात, देणग्या दिल्यात, आता आम्हांला मित्र द्या, अशा आशयाचे उद्गार काढले. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र समुदाय उभा केला, त्यामागची तळमळही याच जातीची होती. 1947 मध्ये कॅनडातील व्हिटबी येथील मिशनरी परिषदेने ‘आज्ञापालनातील भागीदारी’ हे सूत्र मांडले आणि ‘भागीदार’ हा शब्द चर्चच्या व्यवहारात स्थिरावू लागला. त्याच वर्षी नगरला भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. पुढे 1971 मध्ये पूर्व आफ्रिकेतील एका प्रेस्बिटेरियन पुढाऱ्याने अमेरिकेत जाऊन सांगितले की काही काळ मिशनरी आणि पैसा दोन्ही थांबवा. या मागणीने पाश्चात्त्य मंडळींत खळबळ उडाली. मिशनरी पाठवण्याऐवजी थोड्या दिवसांसाठी गट पाठवावेत, तिकडच्यांनाही इकडे बोलवावे, ही रीत पुढच्या दशकांत फोफावली, तिला या वादाचीही पार्श्वभूमी आहे.

मात्र नगरच्या बाबतीत ‘भागीदार मंडळी’ या शब्दातच एक गाठ आहे. अमेरिकेकडील काँग्रिगेशनल परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते; आपला पाळक ती निवडते, आपला पैसा ती खर्च करते आणि कोणाशी संबंध जोडायचा हेही तीच ठरवते. नगरची मंडळी याच परंपरेत वाढली. परंतु 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि बिशप, त्याच्या अधिकाराखालचा धर्मप्रांत आणि सबंध चर्चची सिनॉड ही सभा अशी रचना आली. तेव्हापासून अमेरिकेतील मंडळी जेव्हा ‘आमची भागीदार मंडळी’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात गावातील उपासनालय आणि तेथील ओळखीचे चेहरे असतात. कागदोपत्री भागीदार मात्र सबंध चर्च असते आणि व्यवहार धर्मप्रांतामार्फत व्हावा अशी अपेक्षा असते. मराठीत ‘मंडळी’ हा एकच शब्द गावच्या उपासकांनाही लागतो आणि सार्वत्रिक मंडळीलाही लागतो, त्यामुळे पत्रव्यवहारात हा घोळ लक्षातसुद्धा येत नाही. पाहुण्यांनी गावच्या पाळकाला दिलेला शब्द धर्मप्रांताच्या कचेरीत माहीत नसणे, किंवा धर्मप्रांताशी झालेला करार गावाला पाहुणे आल्यावरच कळणे, यांचे मूळ पुष्कळदा या एका शब्दात असते. ऐक्याने जे बळ दिले ते अमोल आहे, पण स्थानिक मंडळीचा जुना अधिकार त्यात कितपत उरला, याची मोकळी चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही.

गेल्या पन्नास वर्षांत या संबंधांत सरकारी कायदा हा तिसरा घटक आला आहे. आणीबाणीत, 1976 मध्ये, परकीय देणग्यांवर नियमन आणणारा एफसीआरए लागू झाला, 2010 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. परदेशी देणगी दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच यावी लागते, एका संस्थेने ती दुसरीला देण्यास बंदी आहे, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे. परदेशी पाहुण्याने भारतात येऊन रुपयांत दिलेली देणगीसुद्धा परकीयच धरली जाते. त्यामुळे पूर्वी निरोपाच्या वेळी शाळेच्या छपरासाठी पाकीट हाती ठेवले जाई, तसे करणे आता यजमानांना अडचणीत आणणारे आहे.

व्हिसाच्या नियमांचेही तसेच आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला प्रार्थनास्थळी जाण्यास, तेथील नेहमीच्या उपासनेला बसण्यास आडकाठी नाही. परंतु धर्मोपदेश करणे, प्रार्थनास्थळी भाषण देणे, धार्मिक पत्रके वाटणे यांना मनाई आहे, आणि मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा लागतो. साहजिकच, पाहुण्या पाळकाने रविवारी संदेश द्यावा आणि कोणी तरी त्याचे मराठी भाषांतर करावे, ही अनेक मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत नियमात बसत नाही. असा गट येतो तेव्हा संदेश स्थानिक पाळकानेच मराठीत द्यायचा असतो आणि पाहुण्यांनी बाकांवर बसून तो ऐकायचा असतो.