एका ट्रॅक डेने इंजिन बसतं?

‘स्वतःची बाईक ट्रॅकवर नेलीस तर इंजिनाची वाट लागेल,’ हे ट्रॅक डेला, म्हणजे रेसट्रॅकवर हौसेने बाईक चालवायच्या दिवसाला, निघालेल्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. मुळात रेडलाइनपर्यंत, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत, फिरणं इंजिनाच्या रचनेत गृहीत धरलेलं असतं. मर्यादा ओलांडू नये म्हणून लिमिटरही असतो. ऑइल ताजं, पातळी बरोबर आणि कूलिंग धड असेल तर वीसेक मिनिटांची सेशन्स त्याला जड जात नाहीत.

झिजतात ते टायर आणि ब्रेक पॅड. खरी गोम ब्रेक फ्लुइडची. नव्या डॉट ४ प्रतीच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत घसरू शकतो. मग तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळतं, वाफेमुळे दाब पोचत नाही आणि ऐन वळणाआधी ब्रेक लिव्हर हँडलबारला टेकतो! जाण्याआधी फ्लुइड बदला. बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉलचं कूलंट काढून साधं पाणी भरायला सांगतात, कारण सांडलेलं कूलंट भयंकर निसरडं असतं.

इंजिनापेक्षा विम्याची काळजी करा. अनेक पॉलिसींत ट्रॅकवरचं नुकसान वगळलेलं असतं. बाईक पडली तर खर्च झेपेल का? नसेल झेपणार, तर भाड्याची घ्या. हप्ते चालू असलेली बाईक मी तरी नेणार नाही.