फॉक्सट्रॉट : उगम आणि आरंभीचा पदन्यास

फॉक्सट्रॉट हा बॉलरूम नृत्यातील जोडीने करावयाचा नृत्यप्रकार आहे. तो चार मात्रांच्या तालावर, दालनाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पुढे सरकत केला जातो.

त्याचा उगम सामान्यतः १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मानतात. नावाविषयी व चालीच्या उगमाविषयी मात्र एकमत नाही. व्हॉदव्हिल (गाणी, नृत्ये व विनोद यांचा मिश्र रंजनप्रकार) रंगमंचावरील नट हॅरी फॉक्स (१८८२–१९५९) याच्या दुडक्या चालीवरून ते पडले, ही व्युत्पत्ती सर्वाधिक प्रचलित आहे. दुसऱ्या मताप्रमाणे, कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये ही चाल आधीपासून रूढ होती आणि वाद्यवृंदसंचालक जेम्स रीस यूरोप याने संथ लयीत वाजविलेल्या ‘मेम्फिस ब्लूज’ या रचनेमुळे व्हर्नन व आयरीन कॅसल या नर्तक दांपत्याचे तिच्याकडे लक्ष गेले. फॉक्सच्या कथेने नावाचा उलगडा होतो, चालीचा होत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये या नृत्याची द्रुत व संथ अशी दोन रूपे वेगळी झाली. द्रुत रूपाचे क्विकस्टेप झाले आणि संथ रूप स्लो फॉक्सट्रॉट म्हणून उरले. स्पर्धांमध्ये त्याची गती मिनिटाला २८ ते ३० बार (चार मात्रांची आवर्तने) असते.

‘स्लो’ पावलाला दोन मात्रा व ‘क्विक’ पावलाला एक मात्रा मिळते. सामाजिक नृत्यातील प्राथमिक क्रमात पुरुष डावा व उजवा पाय सावकाश पुढे टाकतो, मग डावा झटकन बाजूला नेऊन उजवा त्याला जुळवतो. स्त्रीची पावले याच्या उलट पडतात. स्लो फॉक्सट्रॉटमध्ये असे पाय जुळवणे जवळजवळ नसतेच. एक पाय दुसऱ्याजवळून न थांबता पुढे जातो, आणि या नृत्याचे सारे सौंदर्य त्या अखंडतेत आहे.

स्लो फॉक्सट्रॉटमध्ये बहुधा प्रथम शिकविल्या जाणाऱ्या फेदर स्टेप या तीन पावलांच्या क्रमात शरीराचा भार डाव्या पायावर ठेवून पुरुष उजव्या पायाने निघतो. त्याची टाच आधी टेकते आणि भार चवड्यावर सरकत जातो. दुसरे, डाव्या पायाचे पाऊल चवड्यावर पडते. तिसरे पाऊलही चवड्यावरच, पण जोडीदारणीच्या उजव्या बाजूने बाहेर पडते आणि मग टाच हळूच खाली येते. येथे टाच धपकन टेकली, की पुढील पाऊल अडखळते. त्यानंतरच्या थ्री स्टेपमध्ये डावा, उजवा, डावा असा क्रम असून जोडीदारीण पुन्हा समोर येते. मागे जाताना चवडा प्रथम टेकतो, तर पुढच्या पायाचा पंजा उचलला जाऊन तो पाय टाचेवर ओढून घेतला जातो.