६ सी ७२ : एका निदानाची अडीचशे वर्षे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गवारीत, म्हणजे आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत, ६ सी ७० हा क्रमांक आग लावण्याच्या अनावर ओढीचा आहे आणि ६ सी ७१ गरज नसताना चोरी करण्याच्या ओढीचा. त्यांच्या शेजारी ६ सी ७२ वर 'कम्पल्सिव सेक्शुअल बिहेविअर डिसऑर्डर' बसतो. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. इथे 'अनावर लैंगिक वर्तनाचा विकार' म्हणू. वर्तमानपत्रांचा लाडका शब्द 'सेक्स ॲडिक्शन'. तो या सूचीत नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही, ठरवून बाहेर ठेवलेला आहे. जुगाराचा आणि व्हिडिओ गेमचा विकार याच आवृत्तीत व्यसनांच्या गटात गेले, हा मात्र आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आला. असे का, हे कळायला बरेच मागे जावे लागते.

१७७१ साली बिएनव्हिल नावाच्या वैद्याने 'निम्फोमेनिया'वर, म्हणजे स्त्रीच्या अति कामेच्छेवर, फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले आणि बाईची वासना हा वैद्यकीय विषय झाला. त्याच्या आधीच, १७६० मध्ये, स्वित्झर्लंडच्या तिसोने हस्तमैथुनाने शरीर झिजते असा सिद्धांत मांडला होता. अमेरिकेत बेंजामिन रश यांनी १८१२ च्या मनोविकारांवरील ग्रंथात अति कामेच्छेला जागा दिली, आणि १८८६ मध्ये क्राफ्ट-एबिंग यांनी तिला 'हायपरएस्थेशिया' असे भारदस्त नाव दिले. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती : 'अति' म्हणजे किती, हे कोणीच सांगितले नव्हते. वैद्याला खटकले की ते अति. याचा शेवट कुठे होऊ शकतो हे लंडनच्या आयझॅक बेकर ब्राउन या शल्यचिकित्सकाने दाखवले. हस्तमैथुनावर आणि उन्मादावर उपाय म्हणून तो स्त्रियांची शिश्निका कापत असे. १८६७ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने त्याला काढून टाकले, पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते.

'किती' हा प्रश्न मोजपट्टी घेऊन विचारला तो किन्सी या अमेरिकी लैंगिकता-संशोधकाने. १९४८ च्या त्याच्या अहवालात आठवड्याला किती वेळा कामपूर्ती होते, मग ती कोणत्याही मार्गाने असो, असा एकच आकडा होता. सरासरी आठवड्याला सात किंवा त्याहून जास्त, आणि तेही किमान पाच वर्षे, असे ७.६ टक्के पुरुष त्याला सापडले. पुढे मार्टिन काफ्का या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी हीच सातची रेघ धरून सहा महिन्यांचा निकष सुचवला. रेघ ओढायला सोपी असते, पण ती चुकीच्या ठिकाणी पडते. आठवड्यात दहा वेळा संभोग करून मजेत असणारे नवविवाहित जोडपे तिच्या आत येते, आणि दोनच वेळा पण दर वेळी पगार उडवून बसणारा माणूस बाहेर राहतो. काफ्कांनाही हे दिसत होते, म्हणून त्यांच्या नंतरच्या मसुद्यात आकड्यापेक्षा ताबा आणि नुकसान यांवर भर आला.

'व्यसन' हा शब्द डॉक्टरांच्या आधी रुग्णांकडून आला, हे अनेकांना माहीत नसते. १९७६ मध्ये बॉस्टनला आणि १९७७ मध्ये मिनीॲपोलिसला दारूमुक्तीच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या उचलून स्वमदत गट सुरू झाले. १९७८ मध्ये जिम ऑर्फर्ड यांनी व्यसनाच्या सिद्धांतात अति कामवर्तन बसते का, यावर शोधनिबंध लिहिला. १९८३ मध्ये पॅट्रिक कार्न्स यांच्या पुस्तकाने हा शब्द घराघरात नेला आणि उपचारकेंद्रांचा धंदाही उभा केला. मिनेसोटाचे एली कोलमन 'कम्पल्सिव' म्हणत राहिले, कारण त्यांना यात मंत्रचळाशी साम्य दिसत होते : आधी अस्वस्थता, मग कृती, मग तात्पुरती सुटका. १९८७ मध्ये बार्थ आणि किंडर म्हणाले की हा आवेग-नियंत्रणाचा प्रश्न आहे. १९८८ मध्ये लेव्हिन आणि ट्रॉयडेन या समाजशास्त्रज्ञांनी तिघांनाही झाडले : समाजाला न रुचणाऱ्या वागण्यावर तुम्ही वैद्यकीय शिक्का मारताय. आजची वर्गवारी बार्थ-किंडरच्या खणात बसते आणि लेव्हिन-ट्रॉयडेनचा आक्षेप तिच्या व्याख्येत कोरलेला आहे. वाद हरलेल्यांचेही काहीतरी राहते ते असे.

एड्सच्या साथीने या वादाला निकड आणली. धोका माहीत असूनही असुरक्षित संबंध का थांबत नाहीत हे मोजण्यासाठी कॅलिचमन यांनी १९९४ च्या सुमारास दहा प्रश्नांची मापनपट्टी तयार केली. या विषयातले बरेचसे सुरुवातीचे आकडे तिथून आले, म्हणून ते प्रामुख्याने समलिंगी पुरुषांचे आहेत. स्त्रियांबद्दलची माहिती आजही तोकडी आहे.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथाची धरसोड तर पाहण्यासारखी. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत उरलेसुरले ठेवायच्या खणात 'डॉन जुआन'छाप, म्हणजे एकामागून एक जोडीदार जिंकत सुटण्याच्या, वर्तनाचा उल्लेख. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत त्याच जागी 'सेक्शुअल ॲडिक्शन' हा शब्द. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत तो शब्द गायब. २०१० मध्ये काफ्का यांनी 'हायपरसेक्शुअल डिसऑर्डर'चे निकष मांडले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले रोरी रीड आणि सहकाऱ्यांनी २०७ रुग्णांवर ते तपासले आणि वेगवेगळ्या तपासनिसांचे निदान चांगले जुळते असे दिसले. तरीही २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत प्रस्ताव फेटाळला गेला. पुरावा अपुरा, हे अधिकृत कारण. दुसरी भीती न्यायालयांची होती : लैंगिक गुन्ह्यातला आरोपी हे निदान ढालीसारखे वापरेल, किंवा सरकारी पक्ष त्याला कायम डांबण्यासाठी वापरेल. आणि १९७३ पर्यंत समलैंगिकतेला आजार म्हणणाऱ्या संघटनेने इथे हात आखडता घेणे मला तरी समजण्यासारखे वाटते.

जीनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयात, मात्र वेगळे गणित होते. आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत एफ ५२.७ वर 'अतिरिक्त कामप्रेरणा' आधीपासून होतीच, निम्फोमेनिया आणि (पुरुषांसाठीचे) सटायरिअसिस या जुन्या नावांसकट आणि धड निकषांविना. प्रश्न नवा आजार आणण्याचा नव्हता, जुना नीट लिहिण्याचा होता. नवी आवृत्ती २०१८ मध्ये जाहीर झाली, मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

तिची व्याख्या अशी : तीव्र, पुन्हा पुन्हा येणाऱ्या लैंगिक आवेगांवर ताबा ठेवता न येणे, आणि हे साधारण सहा महिने किंवा जास्त काळ. खुणा चार. हे वर्तन आयुष्याच्या केंद्रस्थानी येऊन तब्येत, जबाबदाऱ्या मागे पडतात. थांबवण्याचे अनेक प्रयत्न फसतात. नुकसान होऊनही ते चालू राहते. समाधान मिळेनासे झाले तरी चालू राहते. शिवाय ठळक त्रास किंवा जगण्यात अडथळा हवा. आकडा कुठेच नाही. आणि मग ते वाक्य, ज्यासाठी अडीचशे वर्षे लागली : त्रास केवळ नैतिक टोचणीतून किंवा इतरांच्या नापसंतीतून येत असेल, तर निदान करायचे नाही.

हे वाक्य हवेतून आलेले नाही. जोशुआ ग्रब्ज आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसत आले आहे की पॉर्न पाहणे पाप मानणारी धार्मिक माणसे, कमी पाहत असूनही, स्वतःला 'व्यसनी' समजतात. मेंदूच्या अभ्यासांनीही व्यसनाच्या बाजूने एकमुखी कौल दिला नाही. २०१४ मध्ये केंब्रिजच्या व्हॅलेरी वून यांच्या गटाने १९ पुरुषांच्या मेंदूत लैंगिक चित्रफितींना मिळणारा प्रतिसाद अमली पदार्थांच्या व्यसनींसारखा दाखवला. त्याआधी २०१३ मध्ये ५२ जणांच्या मेंदूलहरी तपासणाऱ्या अमेरिकी गटाला प्रतिसादाचे नाते विकाराच्या प्रश्नावलीतल्या गुणांशी सापडले नाही, नुसत्या कामेच्छेशी सापडले. एवढ्या भांडवलावर व्यसनाच्या गटात टाकणे घाईचे ठरले असते.

आपल्याकडे ही टोचणी फार जुनी आहे. वीर्य गेले की ताकद गेली, ही समजूत दवाखान्यात अशक्तपणा, कंबरदुखी, 'धातू जातोय' अशा तक्रारी घेऊन येते; नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. र. धों. कर्वे मुंबईहून १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' काढत होते. त्यात वाचकांच्या अशा प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. आजचा कायदा कर्व्यांच्या बाजूला आला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ३ म्हणते की समाजात रूढ असलेल्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे या आधारावर कोणालाही मानसिक आजारी ठरवता येणार नाही. तेच कलम निदानासाठी आयसीडीच्या ताज्या आवृत्तीकडेही बोट दाखवते. दोन्ही एकत्र वाचले की ६ सी ७२ कसे वापरायचे नाही, हे स्पष्ट होते.

वापरायचे कसे, तर आधी वगळत जायचे. पहिला प्रश्न 'किती वेळा' हा नाही, 'कधीपासून' हा आहे. वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेले वर्तन आणि पंधरा दिवसांत उसळलेले वर्तन यांचे रस्ते वेगळे. झोप तीन तासांवर, बोलणे अखंड, खर्च बेफाम आणि सोबत कामेच्छा उफाळलेली, असे असेल तर तो बायपोलर या मनोविकारातला मॅनिया, म्हणजे अति उत्तेजित अवस्थेचा झटका, असू शकतो, आणि तिथे समुपदेशनात घालवलेला प्रत्येक आठवडा वाया जातो. दुसरे, औषधांची पिशवी टेबलावर ओतून घ्यायची. पार्किन्सनच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या गोळ्या मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या ग्राहींना चेतवतात. पार्किन्सनच्या ३,०९० रुग्णांच्या २०१० मधल्या अभ्यासात ३.५ टक्क्यांत अनावर लैंगिक वर्तन दिसले. ॲरिपिप्राझोलबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये असाच इशारा दिला. साठीच्या निवृत्त गृहस्थांना घरचे 'या वयात हे काय' म्हणून बोलत असतात आणि कारण नव्याने सुरू झालेल्या गोळीत असते. ती परस्पर बंद करायची नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. उतारवयात अचानक सुटलेला संकोच स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांतही दिसतो. दारू आणि उत्तेजक अमली पदार्थांचीही चौकशी लागते.

मग दोन माणसांतला फरक. एक जण आठवड्यातून दोनदा पॉर्न पाहतो, झोप, नोकरी, संसार जागेवर आहे, आणि तरी स्वतःला किळसवाणा समजतो. दुसरा रात्री अकराला 'दहाच मिनिटे' म्हणून फोन उचलतो, पहाटे चारला ठेवतो, सकाळची पाळी चुकवतो, ॲप काढून टाकतो आणि संध्याकाळी पुन्हा टाकतो. मजा कधीच संपलेली आहे. पहिल्याला माहिती आणि अपराधभावावर काम हवे. ६ सी ७२ चा विचार दुसऱ्यासाठी.

तपासणीला १९ प्रश्नांची सीएसबीडी-१९ ही प्रश्नावली आहे. १९ ते ७६ गुणांत ५० ची रेघ. ती चाळणी आहे, निदान नव्हे. ४२ देशांतल्या ८२ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत सुमारे ५ टक्के तिच्या वर गेले, पण इंटरनेटवरून आपणहून भाग घेणाऱ्यांचा आकडा सगळ्या समाजाला लावू नये.

उपचारांत आधार आहे तो वर्तन-विचार पद्धतीला. स्वीडनमध्ये १३७ पुरुषांवर सात आठवड्यांच्या गटोपचाराची चाचणी झाली आणि लक्षणे प्रतीक्षायादीवरच्यांपेक्षा कमी झाली. प्रत्यक्षात काम साधे असते : ओढ कधी, कुठे, कोणत्या मनःस्थितीत आली याची वही; फोनचा चार्जर झोपायच्या खोलीबाहेर; ओढ आल्यावर आधी पंधरा मिनिटे लांबवणे. फसते ते 'आजपासून शून्य' या प्रतिज्ञेने. एकदा पाय घसरला की 'आता मोडलंच आहे तर' म्हणून रात्रभर चालते. या विकारासाठी खास मान्यता मिळालेले औषध नाही. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या ओढ कमी करतात, पण २८ पुरुषांवरच्या २००६ मधल्या सिटॅलोप्रामच्या चाचणीत हस्तमैथुन आणि पॉर्नचा वेळ घटला, जोडीदारांची संख्या मात्र घटली नाही. नालट्रेक्सोन हे व्यसनांवरचे औषध देण्याआधी यकृताची तपासणी करावी लागते, आणि ट्रामाडोलसारखी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातली, वेदनाशामके चालू असतील तर ते देता येत नाही, नाहीतर अंगात ओपिऑइड तुटल्याचा त्रास उसळतो.

अमेरिकेत अजून दवाखान्यांची बिले आयसीडी-१० च्या तिथल्या देशी आवृत्तीवर चालतात. तिच्यात ६ सी ७२ नाही, म्हणून असा रुग्ण बऱ्याचदा एफ ५२.८ वर टाकला जातो. त्या क्रमांकाखाली आजही 'निम्फोमेनिया' छापलेले आहे.